धूळ कुणाची, खोकला कुणाचा?

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, तुळशीचे लग्न लागले, की आमच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी हटकून सुरू होतात. पहाटेचा मतलई वारा अंगावर शहारा आणू लागतो आणि घरोघरी खोकल्याची उबळ ऐकू येऊ लागते. घरातील वडीलधारी माणसे या दुसऱ्या गोष्टीचा निकाल दोनच शब्दांत लावतात : हवा बदलली! डॉक्टरही औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता तेच सांगतात आणि रोगी समाधानाने घरी जातो. हे निदान खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते अर्धे आहे. हवा बदलली म्हणजे तिच्यात नेमके काय बदलले, आणि जे बदलले ते सारे सृष्टीनेच बदलले की त्यात माणसाचाही हात आहे, हे दोन प्रश्न त्या दोन शब्दांखाली झाकून जातात. ते उघडून पाहावयाचे असतील तर साखळी, केरी मागे टाकून चोर्ला घाट चढावा आणि कणकुंबीला थोडे थांबावे.

कणकुंबी हे खानापूर तालुक्यातील घाटमाथ्यावरचे गाव. गोव्याची हद्द संपल्यावर लागणारे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवर येथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. माउलीचे देऊळ, भोवतालचे दाट रान, पावसाळ्यात दिवसचे दिवस न हलणारे धुके, असा हा प्रदेश. बेळगाव जिल्ह्यात अधिकात अधिक पाऊस जेथे पडतो त्या ठिकाणांत कणकुंबीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अथणीच्या बाजूस, वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी शेतकरी आभाळाला हात जोडतो. कणकुंबीवर तेवढा पाऊस आषाढातल्या एखाद्या पंधरवड्यातच कोसळून जातो. असे हे जलमय गाव धुळीच्या विषयात कशाला ओढता, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. त्यांनी माघ-फाल्गुनात या वाटेने एकदा जावे. बेळगावची भाजी, दूध आणि इतर माल गोव्यात उतरतो तो याच रस्त्याने. हा रस्ता वर्षानुवर्षे आपल्या खड्ड्यांसाठी दोन्ही राज्यांत प्रसिद्ध आहे. खड्डे बुजवण्यासाठी माती आणि खडी टाकली जाते, जड वाहनांच्या चाकांखाली तिचे पीठ होते, आणि मग रस्त्याकडेची झाडे हिरवी राहत नाहीत, तांबडी होतात. एकदा आम्ही तेथे एका टपरीवर चहासाठी थांबलो असता दुकानदाराने कपावर बशी झाकून चहा आणून दिला. आम्हाला तो आदरातिथ्याचा एक प्रकार वाटला. पाठोपाठ एक लॉरी गेली तेव्हा झाकणाचे कारण कळले.

कपावर बशी झाकता येते. छातीवर काय झाकायचे?

श्वासाच्या विकारांचा आणि ऋतूंचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. सर्दी-पडसे, इन्फ्लुएंझा हे थंडीचे रोग, ही समजूत आपण पाश्चात्यांच्या पुस्तकांतून उचलली. त्यांच्याकडे ती खरीही आहे. परंतु हिंदुस्थान हा एका हवेचा देश नव्हे. काश्मीरमध्ये इन्फ्लुएंझा हिवाळ्यात जोर करतो, तर पश्चिम किनाऱ्यावर आणि दक्षिणेत त्याचा मोठा भर पावसाळ्यात दिसतो. २००९ साली स्वाइन फ्लूची जागतिक साथ आली तेव्हा या देशातील पहिला बळी ३ ऑगस्ट रोजी पुण्यात पडला आणि त्या श्रावणात पुण्यातील शाळा व चित्रपटगृहे बंद ठेवावी लागली. त्याच विषाणूने २०१५ साली महाराष्ट्र, गुजरात आणि राजस्थानात थैमान घातले ते मात्र जानेवारी ते मार्च या महिन्यांत. म्हणजे ओली हवाही त्याला वर्ज्य नाही आणि कोरडीही नाही.

याचे मर्म असे की, पावसाळ्यात विषाणूला माणसे जवळ सापडतात. दारे-खिडक्या लावलेल्या, ओले कपडे माजघरात वाळत घातलेले, ऊन नाही, हवा खेळती नाही. एकाने खोकावे आणि त्याच्या तोंडातून उडालेल्या सूक्ष्म थेंबांवर सगळ्या घराने श्वास घ्यावा, अशी ही स्थिती. कोरोनाच्या साथीत हे थेंब किती बारीक असतात आणि बंद खोलीत किती वेळ तरंगत राहतात, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. शेवटी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा प्रसार हवेतूनही होतो हे स्पष्टपणे मान्य केले. कणकुंबीसारख्या गावात त्यात भर पडते ती चुलीची. चार महिने सरपण ओले असते आणि ओल्या सरपणाचा धूर हा कोणत्याही रस्त्याच्या धुळीहून बारीक व म्हणूनच अधिक खोल जाणारा असतो. उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि सिलिंडर खेड्यापाड्यांत पोहोचले ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु रिकाम्या सिलिंडरच्या जागी भरलेला आणण्याची ऐपत योजनेबरोबर आपोआप येत नाही, आणि ज्याच्या परसात रान आहे त्याची बाई लाकडे सोडीत नाही. तिच्या खोकल्याला आपण दमा म्हणतो आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या न्युमोनियाला नशीब म्हणतो.

पाऊस गेला की दुसरा अध्याय सुरू होतो, आणि आमच्या आजच्या विवेचनाचा मुख्य भाग तोच आहे.

आपले नाक ही निसर्गाने दिलेली उत्तम चाळण आहे. धुळीचा मोठा कण नाकातल्या केसांत व शेंबडात अडकतो. त्याहून लहान कण श्वासनलिकेपर्यंत जातो. तेथे सूक्ष्म केसांचा एक गालिचा असतो, तो सतत वरच्या दिशेने हलत राहून कफासकट ही घाण बाहेर ढकलतो. परंतु अडीच मायक्रॉनहून लहान कणांस या दोन्ही चौक्या चुकवून फुफ्फुसाच्या अगदी तळाच्या वायुकोशांत उतरता येते. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, एवढे सांगितले म्हणजे या कणांच्या लहानपणाची कल्पना यावी. वायुकोशांत जंतूंना गिळणाऱ्या पेशींचा पहारा असतो. त्या पेशी धूळच गिळत बसल्या म्हणजे जंतूंकडे कोणी पाहावे? कोरड्या हवेने कफ घट्ट होतो, गालिच्याची हालचाल मंदावते आणि जो जंतू एरवी दोन दिवस नाक गाळून निघून गेला असता तो छातीत घर करून बसतो. धूळ रोग देत नाही. ती रोगाला वाट करून देते.

यात हवामानाची कारागिरी कशी मिसळते तेही पाहण्यासारखे आहे. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते. तिच्या लगतचा हवेचा थर गार आणि जड होतो, वरचा थर त्या मानाने उबदार राहतो, आणि हा वरचा थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसतो. खालचा धूर, खालची धूळ खालीच कोंडते. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत हे झाकण उघडत नाही. खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात थंडीतल्या सकाळी जे दाट धुके दिसते ते रम्य असते यात शंका नाही; पण त्याच सुमारास मुले रस्त्याच्या कडेने शाळेला चाललेली असतात आणि रात्रभर थांबलेल्या लॉऱ्याही निघालेल्या असतात. किनाऱ्यावरील आम्हाला या बाबतीत समुद्राचा आधार आहे. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरची घाण आमच्या अंगावरून नेतो खरा, पण दुपारी खारा वारा सुटला की आभाळ पुष्कळसे धुऊन निघते. घाटमाथ्यावरच्या दरीत वसलेल्या गावाला ही रोजची धुलाई मिळत नाही.

धुळीने साथ येते काय, असा सरळ प्रश्न कोणी विचारील. त्याचे सर्वांत बोलके उत्तर आफ्रिकेत सापडते. सहाराच्या दक्षिणेस पश्चिमेकडील सेनेगलपासून पूर्वेकडील इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यास मस्तिष्कज्वराचा पट्टा असेच नाव पडले आहे. तेथे डिसेंबरपासून हर्मटान नावाचा कोरडा, वाळवंटी धूळ घेऊन येणारा वारा वाहू लागला की या रोगाच्या साथी डोके वर काढतात आणि पहिल्या पावसाबरोबर त्या ओसरतात. हा जंतू पुष्कळांच्या घशात निरुपद्रवीपणे वस्ती करून असतो. धुळीने आणि शुष्क हवेने घशाचे अस्तर सोलवटले की तो रक्तात शिरतो, असे तज्ज्ञ मानतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चक्र चालू होते. मग पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये या जंतूच्या 'अ' प्रकारावरील स्वस्त लस तयार झाली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशात ती टोचण्यास आरंभ झाला. काही वर्षांतच 'अ' प्रकाराच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. वारा तोच आहे, धूळ तीच आहे. महाराष्ट्राच्या मातीत तयार झालेल्या त्या कुपीने एवढे सिद्ध केले की ऋतुचक्राला शरण जाण्याचे कारण नाही. साखळीची एक कडी तोडली तरी पुरे होते. कणकुंबीच्या खोकल्याला मात्र अशी एकच लस नाही, कारण तेथे जंतू एक नाही. तेथे तोडण्याजोगी कडी धुळीचीच.

आमच्या घराण्यांच्या आठवणीत एक मोठी साथ अजून आहे. १९१८ च्या त्या इन्फ्लुएंझाला मराठीत 'मानमोडी' म्हणत. जूनमध्ये ती मुंबई बंदरातून आत शिरली, थोडी निवली, आणि सप्टेंबरमध्ये रौद्र रूप घेऊन परतली. बेळगाव त्या काळी मुंबई इलाख्यात होते आणि या इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. साऱ्या देशातील मृत्यू एक कोटीच्या वर गेले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. पीक बुडाले होते, धान्य महाग झाले होते, महायुद्ध संपत आले होते. त्या संहाराचे खापर हवेवर फोडणे सरकारला सोयीचे होते. परंतु मुंबई शहराचेच आकडे पाहिले तर तथाकथित खालच्या जातींतील हिंदूंमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी साठाहून अधिक होते आणि युरोपियनांत ते आठाच्या आसपास होते. दोघेही एकाच आकाशाखाली राहत होते. फरक होता तो चाळीतल्या खोलीचा, ताटातल्या अन्नाचा आणि शुश्रूषेला कोणी असण्या-नसण्याचा.

क्षयाच्या बाबतीतही आपल्या वाडवडिलांचा हवेवर मोठा भरवसा होता. ज्यांना परवडे ते पाचगणीला जात, तेथे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम काढले. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसही क्षयाचे रोगी कोरड्या हवेच्या आशेने जाऊन राहत. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, ऊन आणि अंडी-दूध हाच उपचार होता. आज औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्या असे प्रत्येक फलकावर लिहिलेले असते. धुळीच्या गावात हा फलक निरुपयोगी ठरतो. जेथे सगळेच चार-चार महिने खोकतात तेथे कोणाचा खोकला क्षयाचा आणि कोणाचा लॉरीचा, हे ओळखायचे कसे? जो तो "धुळीने होते" म्हणून थांबतो, आणि थांबलेल्या प्रत्येक आठवड्यात घरातली माणसे त्याच हवेत श्वास घेत असतात. धुळीचा हा अपराध आम्हास सर्वांत गंभीर वाटतो. ती रोग लपवते.

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पुणे-बंगळूर महामार्गावर, निपाणी आहे. कणकुंबीची धूळ निदान उघड्यावरची आहे; निपाणीची धूळ चार भिंतींआडची आहे. विडीच्या तंबाखूचे हे मोठे पेठेचे गाव. तंबाखू वाळवायचा, कुटायचा, चाळायचा, पोत्यांत भरायचा, ही कामे वखारींतून पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केली. कुटताना-चाळताना जी भुकटी उडते तिच्यात धूळही असते आणि विषही. वारा आला तर माल उडतो म्हणून जेथे दारे ओढून घेतात, तेथे बाईजवळ बचावाला नाकावरून घेतलेल्या पदराखेरीज काही नसते. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीत महामार्ग रोखून धरला, गोळीबार झाला, शेतकरी बळी पडले आणि निपाणीचे नाव देशभर गेले. त्याच सुमारास वखारीतल्या बायकाही मजुरीसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी संघटित झाल्या होत्या. 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर एक माहितीपटही काढला. तंबाखूच्या भावाची चर्चा संसदेपर्यंत गेली. तंबाखूच्या भुकटीची चर्चा मात्र वखारीच्या उंबऱ्याबाहेर फारशी आलीच नाही.

आम्ही गोमंतकीयांनी या बाबतीत शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून खनिजाचे ट्रक धावत होते त्या वर्षांत रस्त्याकडेच्या घरांची कौले, केळीची पाने आणि ओसरीवरची पाण्याची घागर एकाच रंगाची झाली होती. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी राज्य सरकारने व नंतर सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. ट्रक थांबले, धूळ बसली. त्याबरोबर हजारो कुटुंबांची चूलही थंडावली, हे विसरून आम्ही धूळ बसल्याचा उत्सव करू इच्छीत नाही. परंतु एवढे त्यातून निःसंशय दिसले की जिला आपण हवामान म्हणत होतो ती वाहतूक होती. वास्कोत तर खाऱ्या वाऱ्याचाच उलटा प्रकार होतो. जो वारा इतर किनाऱ्यावर हवा धुतो तोच मुरगाव बंदरातील कोळशाच्या ढिगांवरून येताना काळी भुकटी शहरात आणतो, अशी तेथील नागरिकांची जुनी तक्रार आहे. २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत बंदराच्या विस्तारावर जनसुनावणी झाली तेव्हा लोकांनी दिवसचे दिवस उभे राहून हेच सांगितले.

वास्कोला निदान आवाज आहे, वृत्तपत्रे आहेत. कणकुंबीचे तसे नाही. केंद्राचा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला तो शहरांसाठी. कर्नाटकातील बंगळूर, दावणगिरी, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी ही चार त्यात आली. बेळगावही नाही, मग कणकुंबी कोठून असणार? २००९ च्या आपल्या मानकांनुसार अडीच मायक्रॉनच्या कणांचे प्रमाण चोवीस तासांत सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती मर्यादा १५ वर आणली. या आकड्यांवर दिल्लीत वाद जरूर व्हावा. मात्र जेथे मोजण्याचीच व्यवस्था पोहोचत नाही, तेथे हा वाद कोणत्या आकड्यावर करायचा?

आणि ही सीमा! गोव्याचा मुक्तिसंग्राम चालू होता तेव्हा बेळगावने गोमंतकीय कार्यकर्त्यांना घर दिले, अन्न दिले, आणि या डोंगरांनी त्यांना आडोसा दिला. त्या दिवसांत माथ्यावरचे गाव आणि पायथ्याचे गाव असा परकेपणा कोणाच्या मनात नव्हता. आज कणकुंबी, निपाणी यांसह या टापूचा वाद महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेला आहे आणि कळसा नाल्याच्या पाण्यावरून गोवा व कर्नाटक यांच्यात लवाद बसला, ज्याने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. पाण्याबाबतची गोव्याची भूमिका आम्ही याच स्तंभातून मांडत आलो आहोत व ती सोडण्याचा प्रश्नच नाही. पण कणकुंबीच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब मागणाऱ्या तिन्ही राज्यांपैकी एकानेही कणकुंबीच्या श्वासाचा हिशेब कधी मागितला नाही, याची आम्हाला खंत वाटते. जी लॉरी ही धूळ उडवते तिच्यातली भाजी आमच्या पणजी-म्हापशाच्या बाजारात येते. म्हणून हा परक्या राज्याचा प्रश्न आहे असे म्हणून गोव्याला मोकळे होता येणार नाही.

उपाय फार मोठे आहेत असेही नाही. आमच्या आज्या अंगण झाडण्यापूर्वी पाण्याचा हबका मारीत, मग सडा-सारवण होई. शेणाने सारवण्यातच आरोग्य आहे असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही, पण कोरडी धूळ झाडू नये एवढे शहाणपण त्या रीतीत निश्चित होते. रस्त्याच्या कामावर तेच करावयाचे आहे. खडी-माती उघडी ठेवू नये, वाहून नेणाऱ्या ट्रकवर ताडपत्री असावी, वस्तीतून जाणाऱ्या टप्प्यात दिवसातून दोनदा पाणी मारावे, या अटी कामाच्या कागदांवर नव्या नाहीत. त्यांची तपासणी करणारा माणूस नवा हवा. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या व वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांना नाकावर बांधायला चांगली मुखपट्टी आणि वखारीला भुकटी बाहेर ओढणारे पंखे द्यावेत. शिवाय आरोग्य खात्याने दोन आठवड्यांच्या खोकल्याची वाट न पाहता फाल्गुन-चैत्रात एकदा रस्त्याकडेच्या घरांतून आणि वखारींतून स्वतः जाऊन थुंकी तपासावी.

यातील पाणी मारण्याच्या सूचनेवर घाटमाथ्यावरचा माणूस हसेल, हे आम्ही जाणतो. ज्या डोंगरावर आषाढात छप्पर टिकत नाही तेथे एप्रिलमध्ये पिण्याचे पाणीही जपून वापरावे लागते. रस्त्यावर ओतायला टँकर आणायचा कोठून? म्हणूनच वस्तीच्या हद्दीतला रस्ता कडेच्या पट्ट्यांसह पक्का करणे आणि ते काम दिवाळी ते संक्रांत एवढ्या अवधीत उरकणे, हा एकच मार्ग उरतो. तेवढे अंतर पुष्कळ नाही. जांबोटीकडून येताना कणकुंबीचे पहिले घर लागते तेथून शाळेपुढचे वळण संपेपर्यंतचा रस्ता जरी आधी हाती घेतला, तरी सकाळच्या धुक्यात त्याच कडेने चालत जाणाऱ्या मुलांना या हंगामात त्याचा उपयोग होईल.